सप्तर्षी पॅसेंजर

आमच्या घरमालकांना आकाशात अंधार हवा होता. आकाश काही त्यांचं ऐकत नव्हतं, म्हणून ते भाडेकरूच्या घरात अंधार करायचे. मी वरचा मजला बघायला गेले तेव्हा नोकरी कुठे, माणसं किती, मांसमच्छी खाता का, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. "सातनंतर मागच्या खिडकीतून उजेड बाहेर जाता कामा नये," एवढंच म्हणाले. "आणि फोडणी सातच्या आत. धूर आरशावर बसतो." मला वाटलं गंमत करतायत. पण मागे काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, उभ्या होत्या, त्यांनी गंभीरपणे मान हलवली. मागच्या खिडकीला पुठ्ठा आधीच ठोकलेला होता. भाडं सिटी सेंटर भागाच्या मानानं फारच कमी होतं, शिवाय माझ्या नोकरीची बँक चालत जाण्यासारखी, तेव्हा मी हो म्हटलं. त्यानंतर जितकी वर्षं तिथे राहिले तितकी वर्षं घड्याळाकडे बघत वरणाला फोडणी दिली.

ग्वाल्हेरात मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की काका-काकू आपोआप होतात, तसे ते माझे काका झाले. त्यांचे पूर्वज म्हणे दख्खनेतून तलवार घेऊन आले होते. काकांकडे तलवार नव्हती, स्क्रू ड्रायव्हर होता, आणि तो कायम शर्टाच्या खिशात असायचा. लग्नाला गेले तरी असायचा. एकदा एका मुंजीत जेवता जेवता पंख्याचा आवाज सहन होईना म्हणून पानावरून उठून त्यांनी रेग्युलेटर उघडला होता, आणि काकूंना अख्ख्या पंगतीसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

घर त्यांनी बांधलं तेव्हा मागे शेतं होती. मग सिटी सेंटर पसरत पसरत दारापर्यंत आलं, शेताच्या जागी मॅरेज गार्डन झालं, आणि काकांच्या परसात एक पत्र्याची खोली उभी राहिली. तिचं छप्पर रुळांवर सरकायचं. आत आठ इंची आरशाची दुर्बीण. संध्याकाळ झाली, हवा कोरडी आहे, वारा नाही, ढग नाहीत, असं त्यांच्या यंत्रांनी सांगितलं की छप्पर आपलं आपण उघडायचं. दुर्बीण उठायची, एकेका तेजोमेघाकडे, तारकागुच्छाकडे, दीर्घिकेकडे वळायची, प्रत्येकाचे फोटो काढायची, आणि पहाट झाली की आडवी निजायची. ती नीट निजली हे तळाच्या बटणानं कबूल केल्याशिवाय छप्पर जागचं हलायचं नाही. हे सगळं काकांनी एकट्यानं जमवलं होतं. छपराला दुकानाच्या शटरची मोटर होती.

लोकांना वाटतं दुर्बीणवाला माणूस रात्ररात्र जागतो. हे साडेनऊला घोरत असायचे. "जागायला मशीन ठेवलंय ना? मग मी का जागू? एका ड्यूटीवर दोन माणसं कशाला?" दुर्बिणीला डोळा लावून काही बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी एकदा शनी दाखवा म्हटलं तर म्हणाले, "शनीचं काय बघायचं? तो काय पळून जातोय?" डोळ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. डोळ्याला जे हवं असतं तेच दिसतं, असं ते अगदी शांतपणे सांगायचे.

हे असं का, ते मला काकूंनी सांगितलं. काका आयुष्यभर एका कारखान्यात होते. कारखान्याच्या आवारात मालगाडीचे स्वतःचे रूळ होते, आणि तिथले सिग्नल काकांच्या ताब्यात. गाडीचा रूळ बदलणारा सांधा नीट बसला नसेल तर सिग्नल लालच राहणार, कोणी कितीही आपटलं तरी हिरवा होणार नाही, अशी ती रचना असते. एके दिवशी सिग्नल लाल राहिला. मॅनेजर येऊन उभा, माल आजच निघायला हवा. काका जाऊन सांधा डोळ्यांनी बघून आले. ठीक दिसत होता. त्यांनी हातानं हिरवी झेंडी दाखवली. डबे घसरले आणि सांधेवाल्याचा पाय गेला. मॅनेजर म्हणाला मी तिथे नव्हतोच. शहरातल्या हिंदी पेपरात काकांचं नाव आलं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. कारखाना पुढे बंद पडला, पेपरवाले विसरले, पण आपली मराठी माणसं विसरत नाहीत. हळदीकुंकवाला अजूनही काकूंची ओळख करून देताना कोणीतरी हळूच म्हणायचं, "त्या ॲक्सिडेंटवाल्यांच्या मिसेस." काकू ऐकू आलं नाही असं दाखवून वाण घेऊन घरी यायच्या.

तो सांधेवाला गावातच, हजीऱ्याला राहायचा. दर दिवाळीला काका त्याच्याकडे चिवड्याचा डबा घेऊन जायचे. त्याची बायको डबा घ्यायची, रिकामा करून परत द्यायची, एक शब्द बोलायची नाही. एका दिवाळीला काकांच्या गुडघ्याला त्रास होता म्हणून मी स्कूटरवर त्यांना घेऊन गेले होते. परत येताना ते म्हणाले, "यंदा तिनं डबा धुऊन दिला."

तर एवढ्या मोठ्या आकाशात त्यांना काय हवं होतं, तर एक नवा तारा. दूरच्या दीर्घिकेत, म्हणजे दुसऱ्या एखाद्या आकाशगंगेत, एखादा तारा फुटतो आणि जिथे काल काही नव्हतं तिथे ठिपका दिसायला लागतो. तो जो पहिल्यांदा बघून कळवतो, त्याचं नाव कायमचं नोंदलं जातं. दुर्बीण, मोटरी, छप्पर, माझ्या खिडकीवरचा पुठ्ठा, सगळं त्याच्यासाठी. नाव पुन्हा एकदा छापून यायला हवं होतं, दुसऱ्या कशासाठी तरी. हे त्यांनी तोंडानं कधी म्हटलं नाही. काकू म्हणायच्या. देवापुढे म्हणायच्या, आणि माझ्यापुढेही.

कारखाना सुटला तरी भाषा सुटली नव्हती. आकाशातल्या शंभरावर धूसर गोष्टींचं त्यांनी वेळापत्रक केलं होतं आणि प्रत्येकीला ते गाडी म्हणायचे. मोठी ठसठशीत दीर्घिका असली तर ती मेल. सप्तर्षींच्या शेपटाशी एक फिकट दीर्घिका आहे, ती दिसायला फार वेळ खाते, म्हणून ती सप्तर्षी पॅसेंजर. सकाळी चहाचा कप घेऊन, मफलर गुंडाळून ते कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि रात्रीचा हिशोब मोठ्यानं सांगायचे. "मृगातली आली. कृत्तिका आली. पॅसेंजर रखडली." प्रत्येक फोटो मशीनच तपासायचं. स्वच्छ असेल तर हिरवा. ढग, हादरा, विमानाची रेघ, काहीही शंका असेल तर लाल. लाल फोटो वेगळ्या कप्प्यात जायचे आणि तो कप्पा काका उघडायचे नाहीत. "लाल म्हणजे लाल. उघडून बघितलं की माणसाला वाटायला लागतं, एवढा काही वाईट नाही. तिथूनच सुरू होतं सगळं."

एका हिवाळ्यात त्यांना ठिपका सापडला. हिरव्या फोटोत, एका दीर्घिकेच्या कडेला, आधी तिथे काही नव्हतं. त्या दिवशी माणूस बदलला होता. स्वतः वर येऊन मला खाली चहाला बोलावलं, स्वतः चहा केला, त्यात साखर विसरले. संध्याकाळी मराठी मंडळात संक्रांतीचा तिळगूळ होता. काकूंना राहवलं नाही, त्यांनी सेक्रेटरींच्या बायकोला सांगितलं, आणि सेक्रेटरींनी माइकवरून जाहीर करून टाकलं. टाळ्या झाल्या. काका खुर्चीत अंग चोरून बसले होते, पण मी बघत होते, कान लाल झाले होते त्यांचे.

दुसऱ्या दिवशी ठिपका सरकला. तो तारा नव्हता, मधून जाणारा कुठलातरी लघुग्रह होता, दगड. पुढे होळीपर्यंत जो भेटेल तो विचारायचा, "काय काका, तारा पळाला का?" आणि त्यातला एक जण एवढ्यावर थांबला नाही. "तुमचं नेहमी असंच होतं हो, घाईत झेंडी दाखवता," असं म्हणाला, तोंडावर, हसत. मी तिथे असते तर त्याच्या थोबाडीत मारली असती. काका घरी आले, जेवले नाहीत, कॉम्प्युटरसमोर बसले आणि त्यांनी मशीनला आणखी एक नियम घातला. जुन्या चित्रात नसलेला ठिपका दिसला तर फोटोच लाल. उपग्रहाची चमक, कॅमेऱ्यातला डाग, जाणारा दगड, सगळा कचरा बाहेरच्या बाहेर.

त्याच्या पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सप्तर्षी पॅसेंजर रोज लाल पडायला लागली. बाकीच्या गाड्या वेळेवर, हीच रोज लाल. काकांनी आधी हवामानाला दोष दिला, मग कॅमेऱ्याला. कॅमेरा उघडून पुसला. मग त्यांचं लक्ष गेलं मॅरेज गार्डनकडे. लगनसराई जोरात होती, आणि तिथे आकाशात गरागरा फिरणारा दिवा लावायचे, तो नेमका ईशान्येकडून वर जायचा. एका संध्याकाळी काका माकडटोपी घालून, खिशात स्क्रू ड्रायव्हर घेऊन सरळ वरातीच्या स्वागताला उभ्या असलेल्या लोकांत शिरले. काकूंनी मला मागोमाग पिटाळलं. गार्डनचा मॅनेजर कोवळा पोरगा होता. काका त्याला समजावत होते की ईशान्येचा कोपरा तेवढा सोडा, तिथे आमची दीर्घिका उगवते.

"अंकल, बारात गेट पर है," तो हात जोडून म्हणाला. "आप रसमलाई लीजिए ना।"

"मला रसमलाई नको. तो दिवा बंद कर."

त्यांना शेवटी एका खुर्चीवर बसवून हातात रसमलाईची वाटी दिली. नवऱ्याकडच्या कोणी बाईंनी त्यांना मुलीचे आजोबा समजून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वादही दिला. येताना मला इतकं हसू येत होतं, आणि ते मात्र मान खाली घालून चालत होते. "एक कोपरा मागितला फक्त," म्हणाले. तेव्हा मी हसले. त्या दिव्याचा काहीच दोष नव्हता.

महिना संपत आला तेव्हा एका सकाळी काकूंनी जिन्यातून हाक मारली. "अगं खाली ये जरा. हे बोलतच नाहीयेत." मी बँकेत न्यायचा डबा तसाच टाकून खाली गेले. काका कॉम्प्युटरसमोर होते, चहावर साय धरली होती. पडद्यावर कुठल्याशा परदेशातल्या हौशी माणसाची बातमी होती. नवा तारा सापडला. दीर्घिकेचं चित्र, ठिपक्याशी बाण. ती सप्तर्षी पॅसेंजर होती.

मला समजायला वेळ लागला. काकांना लागला नसावा. "लाल कप्पा उघडा," मी म्हटलं. ते हलले नाहीत. काकूंनी, ज्यांनी आयुष्यात त्या यंत्राला फडक्याशिवाय हात लावला नव्हता, पुढे होऊन माऊस धरला आणि मला म्हणाल्या, "कुठे दाबू सांग." मी सांगितलं. एकेक फोटो उघडत गेला. प्रत्येकात ठिपका होता. त्या परदेशी माणसाच्या दहा रात्री आधीपासून होता. आमच्या परसात, शटरच्या मोटरीच्या छपराखाली, तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता आणि त्याला रोज बाहेर काढलं जात होतं.

काय झालं होतं ते त्यांनी मला नंतर कागदावर काढून दाखवलं, अगदी मास्तरांसारखं. मशीनमध्ये दोन दरवाजे होते. आतला जुना, नवा ठिपका शोधणारा. तो फक्त हिरवे फोटो तपासायचा. बाहेरचा दरवाजा तिळगुळानंतर बसवलेला, नवा ठिपका दिसला की फोटो लाल करणारा. म्हणजे आतला ज्याची वाट बघत बसला होता, त्यालाच बाहेरचा हाकलत होता. सिग्नलवाल्याच्या दृष्टीनं दोन्ही नियम चोख होते. शंका असेल तर गाडी सोडायची नाही, एवढंच दोघांना शिकवलेलं होतं.

पण अजून सगळं गेलं नव्हतं. असा तारा सापडला की जगभरातले लोक आपापले जुने फोटो काढून बघतात, आणि ज्याच्याकडे आधीचा निघतो तो कळवतो. शोध त्याचा धरत नाहीत, पण नाव नोंदलं जातं. सगळ्यात आधी कुणाच्या कॅमेऱ्यात आला, ते. काकांच्या फोटोवर तारीख होती, वेळ होती. पाठवायचा फक्त.

"काका, पाठवा," मी म्हटलं.

"लाल पडलेला आहे तो."

"तुमच्याच चुकीच्या नियमानं पडलाय."

"नियम चुकीचा होता हे आज कळलं. त्या रात्री तो लाल होता. आता तारा आहे हे माहीत झाल्यावर मी उघडून बघतोय आणि म्हणतोय, ठीक दिसतंय. ह्याला काय अर्थ आहे?"

"अर्थ असा की तारा खरंच आहे ना तिथे. सगळं जग बघतंय."

"लाल असताना हातानं झेंडी दाखवून सोडू?"

"हो, दाखवा. एकदा दाखवली म्हणून काय आभाळ कोसळणार आहे का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "एकदा दाखवलीय," म्हणाले.

मी चिडले होते, मला थांबता आलं नाही. मी म्हटलं, तिथे माणूस होता काका, इथे कोण मरणार आहे? इतकी वर्षं आम्ही अंधारात जेवलो ते ह्याच्यासाठी का? काकूंनी काय काय ऐकून घेतलं त्याचं काय? आवाज फार चढला असणार माझा, शेजारच्या बाई गॅलरीत आल्या. काका ऐकत राहिले. मग उठून आंघोळीला गेले. दुपारी त्यांनी दोन्ही दरवाजांची अदलाबदल केली. आधी ठिपका शोधायचा, मग फोटो तपासायचा. पाच मिनिटांचं काम होतं.

जिन्यात मी काकूंना म्हटलं, आपण पाठवू, मला येतं. त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "नको गं. त्यांचं नाव आहे. त्यांनी नाही म्हटल्यावर कसं पाठवायचं?" मग म्हणाल्या, "मला एवढंच वाटत होतं, मरायच्या आधी लोकांनी ह्यांना दुसऱ्या कशानं ओळखावं." त्या रडल्या नाहीत. मीच रडले, आणि मग त्यांनी मला आत नेऊन पाणी दिलं.

सगळ्यात आधीचा म्हणून शेवटी एका तिसऱ्याच माणसाचा फोटो नोंदला गेला. काकांच्या पहिल्या फोटोपेक्षा तो दोन रात्री उशिराचा होता. काकांनीच मला हे सांगितलं, पेपरातली तापमानं सांगावीत तसं. मी त्यांच्याशी पंधरा-वीस दिवस नीट बोलले नाही. त्यांना ते कळलं की नाही, देव जाणे.

असल्या माणसाला तत्त्वाचा पक्का म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला नाही म्हणवत. ज्या मॅनेजरनं त्यांना झेंडी दाखवायला लावली, तो म्हणे आरामात मुलाकडे राहतो, फिरायला जातो, त्याला कोणी काही विचारत नाही. आणि हा माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या परसात, जन्मभर स्वतःलाच लाल दाखवत बसला, आणि बरोबर बायकोलाही उभं करून ठेवलं. मला त्यांची दया येते आणि त्याहून जास्त राग येतो. अजून येतो.

काका आता नाहीत. मंडळात शोकसभा झाली. काकूंनी सेक्रेटरींना आधीच निरोप पाठवला होता की त्या जुन्या गोष्टीचा उल्लेख नको. त्यांनी केलाच. "आयुष्यातल्या त्या दुर्दैवी प्रसंगातून ते फार धीरानं सावरले," असं म्हणाले, आणि ज्यांना प्रसंग माहीत नव्हता त्यांनी शेजारच्याला विचारून घेतला. दुर्बिणीबद्दल कोणी काही बोललं नाही. मी उठून बोलायला हवं होतं असं कोणी म्हणेल. काकूंनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

पण तो तारा फुटला त्याच्या पुढच्या हिवाळ्यातलं सांगायचं राहिलं. फुटलेला तारा काही महिन्यांनी विझतो. एका सकाळी काकांनी खालून हाक मारली, फार दिवसांनी तसा आवाज काढला होता. "ये, ये. पॅसेंजर आली." मी खाली गेले. पडद्यावर ती दीर्घिका होती, फिकट, एका बाजूला जरा कललेली, सुंदरच म्हणायची. ठिपक्याच्या जागी काही नव्हतं. मशीननं फोटो हिरवा केला होता. "एकदम क्लीन आलीय," काका म्हणाले. इतक्या वर्षांच्या हजारो फोटोंतला हा एकच त्यांनी इंदरगंजच्या स्टुडिओतून मोठा करून आणला आणि फ्रेम करून हॉलमध्ये लावला. काकूंनी जाळं झटकण्यापलीकडे त्याच्याकडे कधी बघितलं नाही. मी घर सोडलं तरी जात असते अधूनमधून. दारातून आत गेलं की समोरच आहे तो. त्यात तारा नाही. खाली कोपऱ्यात काकांनी स्वतःच्या हातानं आपलं नाव लिहिलंय, पूर्ण.